५२९: सल्ला सगळ्यांना, फायदा वरच्यांना

अमेरिकेत मराठी घरात बाळ झालं की बारशाच्या आधी दोन प्रश्न येतात, सोशल सिक्युरिटी नंबर आला का आणि ५२९, म्हणजे कॉलेजच्या बचतीचं खातं, उघडलं का. दुसरा प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा आयटीतला असतो, घरात दोन पगार असतात, आणि त्याचा सल्ला त्याच्यासारख्यांपुरता अगदी बरोबर असतो. माझं भांडण त्या सल्ल्याशी नाहीच. भांडण आहे ते ही स्कीम "सामान्य घरातल्या मुलांना कॉलेज परवडावं म्हणून सरकारने केलेली सोय" अशी सांगितली जाते त्याच्याशी, कारण कागद-पेन घेऊन बसलात तर सामान्य घराच्या हातात त्यातलं किती पडतं हे दहा मिनिटांत कळतं, फक्त कुणी बसत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ५२९ हा अमेरिकेच्या इन्कम टॅक्स कायद्यातल्या एका कलमाचा नंबर. आईवडील, आजी-आजोबा, मावशी, कुणीही मुलासाठी खातं उघडतं, टॅक्स भरून उरलेले पैसे त्यात टाकतं, ते फंडात गुंतवले जातात, आणि पुढे ट्यूशन, राहणं-खाणं, पुस्तकं, कॉम्प्युटर अशा शिक्षणाच्या खर्चासाठी काढले तर वाढलेल्या रकमेवर फेडरल टॅक्स शून्य. मुद्दलावर टॅक्स आधीच भरलाय, म्हणजे फेडरल सवलत आहे ती फक्त नफ्यावर, आणि सगळी गोम तिथेच आहे. दुसऱ्या कुठल्या कामाला पैसे काढले तर नफ्यावर नेहमीच्या दराने इन्कम टॅक्स आणि वर १० टक्के दंड.

आता दोन घरं घेऊ. घरं मी बनवलेली आहेत, पण दर आणि मर्यादा २०२५ च्या खऱ्या.

पहिल्या घराचं वर्षाचं उत्पन्न ९०,००० डॉलर, नवरा-बायको एकत्र रिटर्न भरतात. महिन्याला १०० डॉलर बाजूला टाकतात, अठरा वर्षं, आणि समजा वर्षाला ६ टक्क्यांनी वाढले. टाकले २१,६००, झाले साधारण ३८,७००, म्हणजे नफा १७,१०० च्या आसपास. आता गंमत बघा. जोडप्याचं करपात्र उत्पन्न ९६,७०० डॉलरच्या आत असेल तर लाँग टर्म कॅपिटल गेनवर फेडरल दर शून्य टक्के आहे, कुणालाही, कुठल्याही खात्यात. या घराचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजावट, ३१,५०० वजा केलं आणि एका झटक्यात सगळा नफा घेतला तरी ते या मर्यादेच्या बरंच आत राहतात. म्हणजे त्यांनी ५२९ न उघडता साध्या ब्रोकरेज खात्यात तोच इंडेक्स फंड घेतला असता तरी फेडरल टॅक्स शून्यच होता. ५२९ ने वाचवले किती? काहीच नाही.

दुसरं घर वर्षाला सहा लाखांच्या बरंच वर कमावतं आणि महिन्याला १,००० टाकतं, बाकी सगळं तेच. नफा होतो १,७१,००० च्या वर. साध्या खात्यात यांना २० टक्के कॅपिटल गेन आणि ३.८ टक्क्यांचा जादा सरचार्ज, एकूण २३.८ टक्के लागले असते, म्हणजे ४०,००० डॉलरच्या वर. ५२९ मध्ये ते सगळे वाचले. पहिल्या घराने टाकले त्याच्या दसपट यांनी टाकले, पण सवलत किती पट मिळाली हे सांगताच येत नाही कारण खाली शून्य आहे.

बरं, आता पहिल्या घरावर संकट येऊ दे. हॉस्पिटलचं बिल म्हणा, गाडी बसली म्हणा, भारतात आईचं ऑपरेशन म्हणा, आणि त्यांना सगळे पैसे काढावे लागले. साध्या खात्यातून काढले असते तर फेडरल टॅक्स शून्य. ५२९ मधून काढले की तोच नफा साधं उत्पन्न धरला जातो, या घराला १२ टक्के लागतात, वर १० टक्के दंड, म्हणजे २२ टक्के, म्हणजे जवळजवळ ३,८०० डॉलर गेले. कॅलिफोर्नियात राहत असतील तर राज्याचा आणखी २.५ टक्के दंड. म्हणजे ज्या घराला सवलतीचा उपयोग शून्य त्याच घरावर दंड बसायची शक्यता सगळ्यात जास्त, कारण इमर्जन्सीला दुसरा डबा नसतो त्यांच्याकडे. सहा लाखवाल्या घराला गाडी बसली म्हणून मुलाचं खातं फोडावं लागत नाही.

राज्याचा टॅक्स वेगळा, हे मान्य. तीसहून जास्त राज्यं टाकलेल्या रकमेवर काही ना काही वजावट किंवा क्रेडिट, म्हणजे थेट टॅक्समधून सूट, देतात. न्यूयॉर्कमध्ये जोडप्याला वर्षाला १०,००० पर्यंत डिडक्शन आहे. पण पहिल्या घराने वर्षाला १,२०० टाकले तर तिथे त्यांचे साठ-सत्तर डॉलर वाचतात. नको म्हणायचं कारण नाही, घ्यावेत, पण त्यावर कुणाचं कॉलेज होत नाही. आणि कॅलिफोर्निया, जिथे आपले एवढे लोक आहेत, ते टाकलेल्या रकमेवर काहीच डिडक्शन देत नाही.

तुम्ही म्हणाल हे कागदावरचं गणित झालं, प्रत्यक्षात कोण वापरतं ते सांगा. अमेरिकन काँग्रेससाठी सरकारी खर्चाची तपासणी करणारी संस्था आहे, गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस, तिने २०१२ च्या डिसेंबरमध्ये हेच तपासलं होतं. २०१० साली ५२९ किंवा तशाच कव्हरडेल खात्यात पैसे साठवणारी कुटुंबं ३ टक्क्यांहून कमी होती. त्या कुटुंबांचं मधलं उत्पन्न १,४२,४०० डॉलर, बाकीच्यांचं ४५,१००. आणि आर्थिक मालमत्ता? बाकीच्यांच्या साधारण २५ पट. आकडे जुने आहेत, खाती तेव्हापासून पुष्कळ वाढली, पण वरचं गणित बघता फायद्याचा कल वरच्या बाजूला राहणार यात नवल काही नाही, स्कीमची रचनाच तशी आहे.

मला विशेष वाटतं ते याचं, की सुरुवात अशी नव्हती. १९८६ साली मिशिगन राज्याने एक ट्रस्ट काढला, कल्पना एकदम साधी, आजच्या भावाने ट्यूशन विकत घेऊन ठेवा, मूल मोठं झालं की भाव काहीही असो, ट्यूशन भरलेलं. टॅक्स वाचवण्याचा संबंध नव्हता, फी वाढायची भीती होती आणि राज्य म्हणालं ती भीती आम्ही घेतो. फेडरल टॅक्स खातं, म्हणजे आयआरएस, म्हणालं ट्रस्टच्या उत्पन्नावर टॅक्स भरा, भांडण कोर्टात गेलं, १९९४ ला मिशिगन जिंकलं, आणि १९९६ ला काँग्रेसने कलम ५२९ लिहून वाद मिटवला. तेव्हासुद्धा टॅक्स फक्त पुढे ढकलला होता, माफ नव्हता. माफ झाला २००१ च्या बुश टॅक्स कटमध्ये आणि कायमचा झाला २००६ ला. मधल्या काळात आजच्या भावाने ट्यूशन देणाऱ्या योजना मागे पडत गेल्या, २००८ च्या मंदीत अलाबामासारख्या ठिकाणी तर मोठ्या अडचणीत आल्या, आणि गुंतवणुकीवाल्या खात्यांनी मैदान मारलं. म्हणजे फी वाढायची जोखीम राज्याच्या डोक्यावरून उतरली आणि आईबापांच्या डोक्यावर आली, बदल्यात मिळाली टॅक्समाफी, तीही ज्यांना टॅक्स लागतो त्यांना.

आणि प्रत्येक वेळी हात लावला तो सवलत रुंद करायलाच. २०१७ च्या कायद्याने ५२९ मधून वर्षाला १०,००० डॉलर खाजगी शाळेच्या फीसाठी काढायला परवानगी दिली, २०२५ च्या कायद्याने ती मर्यादा २०२६ पासून २०,००० केली. पब्लिक शाळेत जाणाऱ्या मुलाला फीच नसते, त्याला याचा काय उपयोग? उरलेले पैसे रॉथ आयआरए या निवृत्तीच्या खात्यात हलवायची सोय २०२४ पासून आली, आयुष्यभरात ३५,००० पर्यंत, खातं पंधरा वर्षं जुनं हवं. ही मात्र मला चांगली वाटते, पण पुन्हा, पैसे उरणार कुणाचे. आणि सगळ्यात भारी म्हणजे सुपरफंडिंग, पाच वर्षांची गिफ्ट एकदम टाकायची मुभा, २०२५ मध्ये जोडप्याला एका नातवासाठी १,९०,००० डॉलर एका दिवसात, गिफ्ट टॅक्सच्या भानगडीशिवाय. अनेक राज्यांत एका मुलाच्या नावावर पाच लाखांच्या वर शिल्लक होईपर्यंत पैसे टाकता येतात. कुठलं कॉलेज आहे हे?

हे बदलायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. जानेवारी २०१५ मध्ये ओबामांनी प्रस्ताव आणला की पुढे टाकल्या जाणाऱ्या पैशांच्या नफ्यावर टॅक्स लावू आणि वाचलेले पैसे सगळ्यांना मिळणाऱ्या एज्युकेशन क्रेडिटमध्ये घालू. आठवडाभरात गुंडाळला. प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन सभापती बेनर विरोधात आणि तिथल्या डेमोक्रॅट नेत्या पेलोसीही विरोधात, दोघं एका बाजूला असं किती वेळा दिसतं सांगा. आणि ओबामांनी स्वतः २००७ मध्ये दोन मुलींच्या ५२९ मध्ये २,४०,००० डॉलर टाकले होते, म्हणजे सुपरफंडिंगची त्या वर्षाची पूर्ण मर्यादा, दोन पालक गुणिले दोन मुली. मी हे टोमणा म्हणून सांगत नाही. माणूस घराचा निर्णय घराच्या फायद्याने घेतो आणि देशाचा निर्णय देशाच्या फायद्याने घ्यायला बघतो, यात ढोंग नाही. आपणही तेच करावं एवढंच म्हणणं आहे, खातं ठेवा आणि धोरणाला नावंही ठेवा.

यावर नेहमी येणारं उत्तर म्हणजे "अरे पण शिस्त लागते, दर महिन्याला कापले जातात, नाहीतर पैसे राहत नाहीत." खरंय. पण शिस्त ऑटो-डेबिट लावते, कलम ५२९ नाही, ऑटो-डेबिट कुठल्याही खात्याला लागतं. दुसरं उत्तर, "आर्थिक मदतीच्या फॉर्ममध्ये ५२९ कमी धरतात." तेही अर्धवट आहे, फॅफसा म्हणजे त्याच फॉर्ममध्ये पालकांच्या नावावरचं ५२९ जास्तीत जास्त ५.६४ टक्के धरलं जातं, आणि पालकांचं साधं ब्रोकरेज खातंही तेवढंच धरलं जातं. फायदा आहे तो आजी-आजोबांच्या नावावरच्या खात्याला, नव्या फॉर्ममध्ये त्यातून काढलेले पैसे मुलाचं उत्पन्न म्हणून दाखवावे लागत नाहीत. म्हणजे आजोबांकडे पैसे असलेल्या मुलाला आणखी एक मदत.

तिसरं उत्तर जरा वजनदार आहे. लोक म्हणतात श्रीमंताने स्वतःचे पैसे मुलाच्या शिक्षणाला साठवले तर बिघडलं कुठे, सरकारकडे मागत तर नाही ना. नाही बिघडलं. पण माफ केलेला टॅक्स हाही सरकारचा खर्चच असतो, फक्त चेक फाडलेला दिसत नाही. त्या सहा लाखवाल्या घराला सरकारने चाळीस हजारांचा चेक पोस्टाने पाठवला असता आणि शेजारच्या नव्वद हजारवाल्याला रिकामं पाकीट, तर गावभर बोंब झाली असती. गरीब घरातल्या कॉलेजच्या मुलाला मिळणारी पेल ग्रँट आहे, तिची कमाल २०२५-२६ ला वर्षाला ७,३९५ डॉलर, आणि ती वाढवायची म्हटली की दर वेळी बजेटची रड सुरू होते. ५२९ च्या सवलतीवर दर वर्षी मत टाकावं लागत नाही, ती आपोआप चालू राहते.

मग करायचं काय? उत्तर शोधायला लांब जायला नको, देशात करून बघितलेलं आहे.

मेन राज्यात हॅरोल्ड अल्फंड नावाचे बुटांचे कारखानदार होते, डेक्स्टर शू कंपनी त्यांची. ती त्यांनी १९९३ मध्ये वॉरन बफेच्या बर्कशायरला शेअरच्या बदल्यात विकली, बूट पुढे बुडाले, शेअर चढत गेले, आणि बफेने तो सौदा आपल्या सगळ्यात वाईट सौद्यांत मोजला. त्या अल्फंडच्या फाउंडेशनने ठरवलं की मेनमध्ये जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला कॉलेजसाठी ५०० डॉलर द्यायचे. अट एकच, आईबापांनी पहिल्या वर्षात ५२९ खातं उघडायचं. फुकट ५०० डॉलर, कोण सोडेल? तर निम्म्याहून जास्त घरांनी ते घेतलेच नाहीत. फॉर्म भरायचा राहिला, कळलंच नाही, बँकेची भीती, काहीही. २०१४ मध्ये त्यांनी नियम उलटा केला, फॉर्म नाही, अर्ज नाही, बाळ जन्मलं की पैसे त्याच्यासाठी ठेवलेले, आणि २०१३ पासून जन्मलेल्यांनाही धरलं. एका दमात सगळी बाळं आत.

ओक्लाहोमात याची शास्त्रशुद्ध चाचणीच झाली. २००७ मध्ये साधारण २,७०० नवजात बाळांची घरं घेतली, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटातल्या प्रत्येक बाळासाठी राज्याच्या ५२९ मध्ये १,००० डॉलर आपोआप टाकले, दुसऱ्याला नेहमीसारखं सोडून दिलं. यामागे मायकल शेराडन, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक, गरिबांना नुसतं उत्पन्न नाही तर मालमत्ता हवी हे ते नव्वदच्या दशकापासून सांगतायत. ज्यांना नेहमीसारखं सोडलं त्यांच्यातल्या फार थोड्यांनी खाती उघडली, हे अपेक्षितच. पण मुलं चार वर्षांची होईपर्यंत असं दिसलं की खातं असलेल्या गटातल्या आयांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी होती आणि मुलांचा सामाजिक-भावनिक विकास बरा होता, गरीब घरांत फरक जास्त. अजून एक पैसा खर्च झालेला नव्हता हो! नुसतं आपल्या मुलाच्या नावाने काहीतरी ठेवलंय याचा एवढा परिणाम. कुठल्याही टॅक्स सवलतीने हे होईल असं मला वाटत नाही.

आता ट्रम्प अकाउंट आलंय. २०२५ ते २०२८ मध्ये जन्मणाऱ्या अमेरिकन नागरिक बाळांना सरकारकडून १,००० डॉलर, वर घरच्यांना वर्षाला ५,००० पर्यंत टाकायची मुभा. नाव कुणाचं आहे त्यावरून नाक मुरडायचं कारण नाही, जन्मतःच पैसे टाकणं ही योग्य कल्पना आहे, आणि ती रिपब्लिकन कायद्यात आली हे चांगलंच झालं. पण मेनने चूक करून जे शिकलं ते इथे विसरले, हे पैसे आईबापांनी अर्ज करून मागावे लागतात. जे मागणार नाहीत ते कोण असतील हे सांगायला नको. शिवाय पैसे चारच वर्षांत जन्मणाऱ्या बाळांना, गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखे, आणि वरचे ५,००० भरू शकणारी घरं पुन्हा तीच. डेल कॉम्प्युटरवाल्या डेल दांपत्याने डिसेंबर २०२५ मध्ये ६.२५ अब्ज डॉलर जाहीर केले, अडीच कोटी मुलांना प्रत्येकी २५०, आणि त्यांनी निदान पिनकोडचं मधलं उत्पन्न दीड लाखाच्या आत असावं अशी अट घातली. एका खाजगी देणगीदाराला जी चाळणी लावावीशी वाटली ती सरकारला वाटली नाही.

माझं म्हणणं एवढंच की खातं प्रत्येक बाळाचं, आपोआप, नको असेल तर नाही म्हणायची सोय. त्यात सरकारची सुरुवातीची रक्कम, कमी उत्पन्नाला जास्त. आणि नफ्यावरच्या माफीला मर्यादा, त्या जागी मॅच, म्हणजे घराने १०० टाकले की सरकारचे ५०, एका ठरावीक रकमेपर्यंत. हे काही स्वप्नरंजन नाही, रिटायरमेंटसाठी काँग्रेसने हेच मान्य केलंय, २०२७ पासून कमी उत्पन्नाच्या लोकांना २,००० डॉलरपर्यंतच्या बचतीवर निम्मी रक्कम सरकार घालणार आहे. म्हातारपणाला चालतं तर कॉलेजला का नाही? पैसे कुठून, तर सुपरफंडिंग आणि खाजगी शाळेची सोय बंद करा, तिथून सुरुवात होईल.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत पुढच्या बारशाला सल्ला देताना आधी समोरच्याचं उत्पन्न काय असेल याचा अंदाज घ्या. दोन लाखांच्या वर असेल तर बिनधास्त सांगा ५२९ उघड. नव्वद हजारांच्या आसपास असेल तर आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला, मग राज्य काय देतंय ते बघून तेवढंच ५२९ मध्ये, बाकी साध्या खात्यात. आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही ती सांगा, कॉलेज सुरू झालं की दर वर्षी फीमधले पहिले ४,००० डॉलर ५२९ मधून भरायचे नाहीत, खिशातून किंवा लोनमधून भरायचे, कारण त्यावर अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट मिळतं, वर्षाला २,५०० पर्यंत, आणि ५२९ ने भरलेल्या फीवर ते मिळत नाही. चार वर्षांचे झाले १०,०००. त्या पहिल्या घराला अठरा वर्षं ५२९ सांभाळून मिळाले असते त्याच्या कितीतरी जास्त, आणि हे पैसे नफ्यावर नाही, थेट फीवर मिळतात.